दहा लाख डॉलरची बादली : एका अकादमीच्या बक्षिसाचं प्रकरण

अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमी ऑफ इंजिनिअरिंगने १९८९ मध्ये आपलं पहिलं ड्रेपर पारितोषिक जॅक किल्बी आणि रॉबर्ट नॉइस यांना दिलं, इंटिग्रेटेड सर्किटच्या शोधासाठी. याच अकादमीने २००७ च्या फेब्रुवारीत दहा लाख डॉलरचं सुवर्ण पारितोषिक दिलं ते एकीखाली एक ठेवलेल्या दोन प्लॅस्टिकच्या बादल्यांना. बादल्यांत वाळू, विटांचे तुकडे, लाकडी कोळसा आणि प्रक्रिया केलेला बिडाचा कीस. वरून पाणी ओतायचं, खालच्या तोटीतून घ्यायचं. झालं.

राष्ट्रीय पातळीवरची अभियांत्रिकी अकादमी नेमकं काय करते, असा प्रश्न कुणी विचारला तर मी हेच प्रकरण पुढे करतो. अकादमीचं नेहमीचं काम म्हणजे सदस्य निवडणं, सरकारला सल्ल्याचे अहवाल देणं, झालेल्या कामाचा गौरव करणं. ही अकादमी १९६४ मध्ये स्थापन झाली, तीही १८६३ च्या नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेसच्या सनदेखाली. ती सरकारी खातं नाही; तिच्या हाती ना अंमलबजावणीची यंत्रणा, ना कुणाला आदेश देण्याचा अधिकार. तिच्याजवळ असते ती पत. ग्रेंजर फाउंडेशनच्या पैशातून जाहीर झालेल्या या स्पर्धेत तिने ही पत वेगळ्या तऱ्हेने वापरली. झालेल्या कामाला शाबासकी देण्याऐवजी तिने आधी प्रश्न मांडला, अटी घातल्या आणि उत्तरं मागवली. प्रश्न होता बांगलादेश आणि आसपासच्या प्रदेशातल्या पिण्याच्या पाण्यातल्या आर्सेनिकचा, म्हणजे सोमल या विषाचा.

हापशाचं पाणी

गंगा-ब्रह्मपुत्रेच्या त्रिभुज प्रदेशात पूर्वी लोक तळ्यांचं, नद्यांचं पाणी पीत. त्यातून हगवण, कॉलरा, आणि लहान मुलं दगावणं. त्यावर तोडगा म्हणून १९७० च्या दशकापासून युनिसेफ आणि बांगलादेश सरकारने कूपनलिका खोदायला सुरुवात केली. हातपंप स्वस्त, खोदाई सोपी, पाणी स्वच्छ दिसणारं आणि जंतूंच्या दृष्टीने खरंच पुष्कळ चांगलं. लोकांनी पुढे स्वतःच्या खर्चाने अंगणाअंगणात हापसे बसवले. ही योजना फसली असं म्हणता येत नाही, ती अतिशय यशस्वी झाली. अडचण त्या यशातच होती. पाणी जंतूंसाठी तपासलं जात होतं. आर्सेनिकसाठी तपासायचं कुणाच्या डोक्यातही नव्हतं.

हिमालयातून वाहून आलेल्या गाळाच्या कणांवर लोहाच्या ऑक्साइडचा थर असतो आणि त्या थराला आर्सेनिक धरून असतं. गाळात गाडलेले सेंद्रिय पदार्थ जंतू खातात, तिथला ऑक्सिजन संपतो, मग लोहाचा थर विरघळू लागतो आणि त्याने धरून ठेवलेलं आर्सेनिक पाण्यात सुटतं. हे घडतं मुख्यतः उथळ थरांत. दीडशे मीटरच्या खालचं पाणी बहुतेक ठिकाणी ठीक असतं. उथळ थरांतही एका अंगणातला हापसा विषारी आणि शेजारचा चांगला, असं सर्रास आढळतं. पाण्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. उकळून उपयोग नाही. उकळल्याने पाणी आटतं आणि सोमलाचं प्रमाण उलट वाढतं.

पश्चिम बंगालमध्ये कोलकात्याचे त्वचारोगतज्ज्ञ के. सी. साहा यांच्याकडे १९८३ मध्ये असे रुग्ण येऊ लागले. अंगावर काळे-पांढरे ठिपके, तळहात-तळपायांवर खरखरीत गाठी. पुढे जादवपूर विद्यापीठाचे दीपंकर चक्रवर्ती यांनी वर्षानुवर्षं पाण्याचे आणि रुग्णांचे नमुने गोळा केले. बांगलादेशात दूषित विहिरीची पहिली अधिकृत नोंद १९९३ ची. २००१ मध्ये ब्रिटिश जिऑलॉजिकल सर्व्हे आणि बांगलादेशच्या सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी खात्याने मिळून केलेल्या पाहणीचा अहवाल आला. लिटरमागे ५० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त आर्सेनिक असलेलं पाणी पिणारे सुमारे साडेतीन कोटी लोक, आणि १० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्तवाले पाच कोटी सत्तर लाख, असा त्यांचा अंदाज होता. ५० आणि १० हे दोन आकडे लक्षात ठेवा, प्रकरणाची गोम तिथेच आहे.

अटी

स्पर्धेतली यंत्रणा परवडणारी हवी, भरवशाची हवी, देखभालीला सोपी हवी, लोकांना चालणारी हवी, पर्यावरणाला बाधा न आणणारी हवी. वीज लागता कामा नये. आणि आर्सेनिक स्थानिक सरकारच्या मर्यादेपर्यंत किंवा त्याखाली आणता आलं पाहिजे.

या अटींचं मला मनापासून कौतुक वाटतं. प्रयोगशाळेत आर्सेनिक काढून दाखवणं हे १९९० च्या दशकातच जमलेलं होतं. रासायनिक अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यालाही चार पद्धती सांगता आल्या असत्या. अकादमीने विचारलं ते दुसरंच : वीज नसलेल्या घरात, शिकाऊ माणसाच्या हाती, दर महिन्याला कुणी तंत्रज्ञ न येता हे चालेल का? ‘लोकांना चालणारी’ ही अट तर अभियंत्यांच्या निविदेत सहसा सापडतच नाही. सत्तरहून अधिक प्रवेशिका आल्या, निवडक यंत्रणांची अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या सिनसिनाटी इथल्या प्रयोगशाळेत चाचणी झाली आणि तीन विजेते ठरले.

सुवर्ण, दहा लाख डॉलर : व्हर्जिनियातल्या जॉर्ज मेसन विद्यापीठाचे रसायनशास्त्राचे प्राध्यापक अबुल हुसाम, ‘सोनो’ गाळणीसाठी. रौप्य, दोन लाख डॉलर : लिहाय विद्यापीठाचे अरूप सेनगुप्ता आणि त्यांचा गट, पश्चिम बंगालच्या खेड्यांत हापशालाच जोडलेल्या सामुदायिक यंत्रणेसाठी. कांस्य, एक लाख डॉलर : प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीचा मुलांसाठीचा पेयजल कार्यक्रम, पाण्यात टाकायच्या ‘प्युअर’ पुडीसाठी.

कागदावर ही तीन तंत्रं आहेत. मला ती तीन वेगवेगळ्या जबाबदाऱ्या दिसतात. बादलीत जबाबदारी घराची, म्हणजे बहुतेक वेळा घरातल्या बाईची. हापशाच्या यंत्रणेत गावच्या समितीची. पुडीत, पुडी पोचवणाऱ्याची. परीक्षक लिटर आणि मायक्रोग्रॅम मोजत होते, पण गुणानुक्रम लागला तो जबाबदारीच्या वाटपाचाही.

बादली

हुसाम मूळचे बांगलादेशातल्या कुश्टियाचे. त्यांचं कौशल्य विद्युत-रासायनिक मोजमापाचं. आधी त्यांनी पाण्यातलं आर्सेनिक मोजायचं उपकरण बनवलं आणि त्यावर कुश्टियाकडचं पाणी तपासलं. घरच्याच विहिरी दूषित निघाल्या. गाळणीचं काम त्यानंतरचं, आणि कुश्टियात डॉक्टरी करणारे त्यांचे भाऊ त्यात बरोबरीचे भागीदार. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो, त्याकडे शेवटी येईन.

बंगालमध्ये तेव्हा एक गाळणी आधीच वापरात होती, तीन मातीच्या कळश्यांची. वरच्या कळशीत लोखंडाचा कीस आणि वाळू, मधल्या कळशीत कोळसा आणि वाळू, खालच्या कळशीत पाणी जमा. तत्त्व अगदी बरोबर. लोखंड गंजतं, गंजाच्या कणांना आर्सेनिक चिकटतं. पण जमिनीखालच्या ऑक्सिजन नसलेल्या पाण्यात आर्सेनिक बहुतांशी आर्सेनाइटच्या रूपात असतं, त्यावर विद्युतभार नसतो, म्हणून ते सहजी कशाला चिकटत नाही. आधी त्याचं विद्युतभार असलेलं आर्सेनेट व्हावं लागतं. हे रूपांतर हवा, गंजणारं लोखंड आणि थोडं मँगनीज मिळून करतात. कळश्यांच्या गाळणीत खरी अडचण निघाली वेगळीच. गंजता गंजता किसाचा घट्ट गोळा व्हायचा आणि पाणी उतरेनासं व्हायचं. लोखंड आपलं काम करत होतं. ते जितकं चांगलं करायचं तितक्या लवकर गाळणी बंद पडायची.

हुसाम यांची खरी कामगिरी इथे आहे. बिडाच्या किसावर प्रक्रिया करून त्यांनी लोखंडाचा असा सच्छिद्र थर बनवला जो गंजूनही चोंदत नाही. त्याच्या वर-खाली जाड वाळू आणि विटांचे तुकडे. दुसऱ्या बादलीत वाळू आणि लाकडी कोळसा, वरून निसटलेले गंजाचे कण अडवायला. तासाला वीस ते तीस लिटर पाणी, म्हणजे घराच्या पिण्या-रांधण्याला पुरून उरेल एवढं. किंमत पस्तीस-चाळीस डॉलर. कुश्टियातच मिळणाऱ्या मालातून, तिथल्याच कामगारांकडून तयार होणारी. बक्षीस मिळालं तोवर तीस हजारांच्या आसपास गाळण्या लोकांच्या घरी पोचल्या होत्या. बक्षिसाच्या रकमेपैकी ७० टक्के हुसाम यांनी गाळण्या वाटण्यासाठी ठेवले, २५ टक्के संशोधनाला, ५ टक्के विद्यापीठाला. अर्ज भरताना माणूस काय म्हणतो यापेक्षा पैसा आल्यावर काय करतो यावर माझा जास्त विश्वास आहे.

तरी बादलीलाही देखभाल लागतेच. वरच्या वाळूत लोहाचा तांबूस गाळ साचतो, धार बारीक होते, वाळू काढून धुवावी लागते. ओल्या वाळूत जंतू वाढू नयेत म्हणून अधूनमधून गरम पाणी ओतून गाळणी धुवायची असते. हे सगळं बारीक धार दिसली की कळतं. पण पाण्यात आर्सेनिक पुन्हा येऊ लागलंय का, हे दिसत नाही. चोंदलेली गाळणी बोंब मारते. निकामी झालेली गाळणी गप्प राहून पाणी देत राहते.

समिती आणि पुडी

सेनगुप्तांचं काम १९९७ पासूनचं, तेव्हाच्या शिबपूरच्या बंगाल इंजिनिअरिंग कॉलेजच्या सोबतीने. गावातल्या हापशावर एक उभी टाकी बसवायची. हापसलेलं पाणी वरून फवाऱ्यासारखं पडतं, हवा मिसळते, पाण्यातलंच लोह गंजाच्या रूपात खाली बसतं आणि बरंचसं आर्सेनिक सोबत नेतं. उरलेलं खालच्या अ‍ॅक्टिव्हेटेड अ‍ॅल्युमिनाच्या, म्हणजे अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडच्या सच्छिद्र कणांच्या थरात अडकतं. रोज उलटं पाणी सोडून गाळ धुवायचा. काही महिन्यांनी अ‍ॅल्युमिना भरला की तो काढून मध्यवर्ती ठिकाणी न्यायचा, कॉस्टिक सोड्याने आर्सेनिक उतरवायचं, पुन्हा वापरायचा. एका टाकीवर दोन-तीनशे कुटुंबं. वर्गणी गोळा करायची, टाकीची निगा राखायची, हे गावची पाणी समिती बघणार.

या यंत्रणेतली सर्वांत शहाणपणाची गोष्ट विजेत्याच्या बातम्यांत फारशी आली नाही, ती म्हणजे गाळाची व्यवस्था. धुतलेला गाळ तिथेच हापशाशेजारी, हवा खेळती राहील अशा जाड वाळूच्या थरावर साठवला जातो. का? कारण तो खड्ड्यात पुरला तर तिथला ऑक्सिजन संपेल, लोह पुन्हा विरघळेल आणि आर्सेनिक सुटेल. जमिनीखाली मुळात जे घडलं तेच आपण आपल्या हाताने पुन्हा घडवू. ‘पर्यावरणाला बाधा नको’ ही अट इतक्या गंभीरपणे घेतलेली मी क्वचित पाहिली आहे. माझ्या हाती निकाल असता तर मी क्रम बदलला असता का? कदाचित. पण मग मला बारुईपूर आठवतं.

दक्षिण चोवीस परगण्यातल्या बारुईपूर भागात ‘टेक्नॉलॉजी पार्क’ नावाच्या प्रकल्पात ११ उत्पादकांच्या १९ आर्सेनिक-निर्मूलन यंत्रणा हापशांवर बसवल्या गेल्या. त्यांतल्या यंत्रणांवर दोन वर्षं लक्ष ठेवून जादवपूरच्या गटाने २००५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. एकीलाही जागतिक आरोग्य संघटनेची १० मायक्रोग्रॅमची मर्यादा सातत्याने पाळता आली नव्हती. भारताची तेव्हाची ५० ची मर्यादा पूर्ण काळ पाळली ती फक्त दोन यंत्रणांनी. कारणं रसायनशास्त्राची कमी, निगराणीची जास्त : वाळू वर येणं, थर चोंदणं, धुलाई न होणं, गावाला त्यात रस नसणं. सेनगुप्तांच्या टाक्या जिथे चालल्या तिथे त्या समितीमुळे चालल्या. आणि समिती हा घटक प्रयोगशाळेत नेऊन तपासता येत नाही.

पुडीबद्दल थोडक्यात. चार ग्रॅमच्या पुडीत फेरिक सल्फेट आणि कॅल्शियम हायपोक्लोराइट असतं. दहा लिटर पाण्यात टाकून पाच मिनिटं ढवळायचं, गाळ बसला की फडक्याने गाळायचं, वीस मिनिटं थांबायचं. जंतूही मरतात, आर्सेनिकही खाली बसतं. पुरात, आणीबाणीत याला तोड नाही. पण ज्या घराला रोज वीस लिटर लागतात त्याला वर्षाला ७३० पुड्या लागतील, जन्मभर. कांस्य योग्यच.

पन्नास की दहा

आता त्या दोन आकड्यांकडे. जागतिक आरोग्य संघटनेने १९९३ मध्येच आर्सेनिकची मर्यादा ५० वरून १० वर आणली होती. बांगलादेशची राष्ट्रीय मर्यादा ५० च राहिली. अमेरिकेची मर्यादाही दशकानुदशकं ५० होती. १९९९ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलच्या समितीने स्पष्ट लिहिलं की ५० ची मर्यादा सार्वजनिक आरोग्याचं रक्षण करत नाही, ती लवकरात लवकर खाली आणा. २००१ मध्ये तसा नियम झाला आणि जानेवारी २००६ पासून अमेरिकेत १० ची मर्यादा लागू झाली.

हे कौन्सिल म्हणजे याच अकादम्यांचं अभ्यास करणारं अंग. म्हणजे एका दालनातून ‘५० पुरेसं नाही’ असा अहवाल निघालेला, आणि शेजारच्या दालनातून निघालेल्या स्पर्धेची अट मात्र ‘स्थानिक मर्यादेइतकं चालेल’. व्हर्जिनियातल्या नळाला एक माप आणि कुश्टियाच्या बादलीला दुसरं. हे वाचून चीड येणं साहजिक आहे, आणि स्पर्धेवरची ही टीका टाळता येण्याजोगी नाही.

तरीही मी अकादमीच्या बाजूने झुकतो, थोडासाच. परदेशी संस्थेने दुसऱ्या देशाची मर्यादा बाजूला सारून स्वतःची लादली असती तर जी यंत्रणा तिथल्या सरकारला मान्य तीच बक्षिसाला अपात्र, असा घोळ झाला असता. लिटरमागे तीनशे मायक्रोग्रॅमचं पाणी पिणाऱ्याला पन्नासच्या खालचं मिळालं तर त्याच्या शरीरात जाणारं बहुतांश विष टळतं. शिवाय विजेत्या गाळण्यांचं पाणी चांगल्या चाचण्यांत पन्नासच्या पुष्कळ खाली येत असे. माझी तक्रार मर्यादेबद्दल कमी आहे. ती मर्यादा किती दिवस पाळली जाते हे कोण बघणार, याबद्दल जास्त आहे.

प्रवेशिका नसलेलं उत्तर

आर्सेनिकपासून सर्वाधिक लोकांची सुटका ज्या उपायांनी झाली ते या स्पर्धेत नव्हतेच, आणि असूही शकत नव्हते. या शतकाच्या सुरुवातीला बांगलादेशात सुमारे ५० लाख कूपनलिका तपासल्या गेल्या. ज्यांत आर्सेनिक जास्त त्यांचं तोंड लाल रंगवलं, बाकीच्यांचं हिरवं. १४ लाखांहून अधिक हापसे लाल झाले. ढाक्याजवळच्या आराइहजारमध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या गटाने दाखवून दिलं की निकाल सांगितला तर पुष्कळ कुटुंबं स्वतःहून जवळच्या चांगल्या हापशाकडे वळतात, पण तो चालत जाण्याच्या टप्प्यात हवा. दुसरा उपाय खोल कूपनलिकांचा. हे दोन मिळून झालेलं काम गाळण्यांच्या कितीतरी पटींनी मोठं आहे.

‘शेजारच्या घरून पाणी आणा’ ही प्रवेशिका कोण पाठवणार? त्यात पेटंट नाही, शोध नाही, फोटो काढण्यासारखं काही नाही. स्पर्धा पाण्यावर प्रक्रिया करणाऱ्या यंत्रणेची होती, म्हणून उत्तरं यंत्रणांचीच आली. अकादमीने प्रश्न ‘आर्सेनिक कसं काढावं’ असा न ठेवता ‘लोकांच्या पोटात आर्सेनिक जाणं कसं थांबवावं’ असा ठेवला असता तर पहिलं बक्षीस बहुधा रंगाच्या डब्याला मिळालं असतं. अर्थात हिरव्या हापशांनाही मर्यादा आहेत. काही गावांत जवळजवळ सगळेच हापसे लाल आहेत, तिथे बादली किंवा टाकीच लागते. रंग काही वर्षांत उडून जातो आणि नवे हापसे न तपासताच बसतात. खोल कूपनलिका कुणाच्या अंगणात खोदायची हे राजकारण ठरवतं. ह्यूमन राइट्स वॉचने २०१६ च्या अहवालात नेमकं हेच मांडलं, आणि सुमारे दोन कोटी लोक अजूनही राष्ट्रीय मर्यादेपेक्षा जास्त आर्सेनिक पीत असल्याचं नोंदवलं.

म्हणून या प्रकरणाकडे बघताना मला बक्षिसाच्या रचनेत दोन बदल सुचतात. एक, रक्कम एकदम न देता निम्मी निकालाच्या दिवशी आणि निम्मी पाच वर्षांनी, घरोघर बसवलेल्या गाळण्यांतलं पाणी त्रयस्थाने तपासल्यावर. हुसाम किंवा सेनगुप्ता यांना याची भीती वाटली नसती. ते तसेही गावातच होते.

दुसरा बदल मोजमापाचा. खेड्यात आर्सेनिक तपासतात ते छोट्या पेटीने. पाण्याच्या नमुन्यात आम्ल आणि जस्ताची भुकटी टाकायची, निघणारा आर्सिन वायू बाटलीच्या तोंडाशी लावलेल्या मर्क्युरिक ब्रोमाइडच्या कागदावर जातो, कागद आर्सेनिकच्या प्रमाणानुसार पिवळा ते तपकिरी होतो, आणि तो रंग तक्त्याशी ताडून बघायचा. पाण्यात दोनशे-तीनशे मायक्रोग्रॅम असले तर प्रश्नच नाही. पन्नासच्या आसपास मात्र दोन माणसं दोन उत्तरं देतात. हुसाम यांनीही आधी मोजायचं उपकरण केलं होतं आणि मग बादली. घरातल्या बाईला आपली गाळणी अजून काम करतेय का हे महिन्यातून एकदा, कुणाला न बोलावता, खात्रीने कळेल अशी स्वस्त चाचणी : दहा लाखांतले दोन-तीन लाख डॉलर मी त्यासाठी वेगळे काढले असते.